पंचांगावरचा अंगठा : जलपायगुडी खून खटल्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील गुन्हेतपासाविषयी जी पत्रे येतात, त्यांत या खटल्याचा उल्लेख हमखास असतो आणि त्यासोबत बऱ्याच गैरसमजुतीही असतात. वाचक पुन्हापुन्हा विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्या उत्तरात पुन्हा न देता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जलपायगुडी खून खटला म्हणजे नेमके काय?

तेव्हाच्या बंगाल प्रांतात, भूतानच्या सरहद्दीलगतच्या जलपायगुडी जिल्ह्यात, एका चहामळ्याचा व्यवस्थापक आपल्या बिछान्यात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. त्याची कागदपत्रांची पेटी आणि तिजोरी फोडलेली होती आणि काही शे रुपये नाहीसे झाले होते. कांगाली चरण नावाच्या त्याच्या एका जुन्या नोकरावर १८९८ साली खटला चालला. पेटीतल्या एका बंगाली पंचांगावर उमटलेला रक्ताळलेला बोटाचा ठसा हा त्या खटल्याचा कणा होता. भारतात बोटाच्या ठशावरून एखाद्याला दोषी ठरवल्याचे हे सर्वांत गाजलेले सुरुवातीचे उदाहरण आहे. मात्र तो कोणत्या गुन्ह्यासाठी दोषी ठरला हे ऐकल्यावर बहुतेकांना धक्का बसतो. ते उत्तर प्रश्न १० मध्ये आहे.

२. हा खून उलगडणारा गुप्तहेर कोण होता?

कथा-कादंबऱ्यांतला भिंग हाती घेतलेला एकटा गुप्तहेर येथे शोधला, तर तो सापडणार नाही. स्थानिक पोलिसांनी जागेची झडती घेऊन संशयितांची यादी केली, कलकत्त्याच्या सरकारी रसायनतज्ज्ञाने डाग तपासले आणि प्रांताच्या अंगुलिमुद्रा कचेरीने ठसा जुळवला. ही कचेरी बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांनी उभी केली होती. या खटल्याची हकीकत त्यांनीच १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दिली, म्हणून सगळे श्रेय त्यांच्या नावावर जमा झाले. माझ्या मते या तपासाचा खरा नायक एक दप्तर आहे: कैद्यांचे ठसे नीट लावून ठेवलेले आणि मागताक्षणी हाती येणारे. कथालेखकांना हे रुक्ष वाटते, पण घडले ते असेच.

३. सुरुवातीला संशय कोणावर होता?

संशयितांची कमतरता नव्हती. व्यवस्थापक कडक स्वभावाचा असल्यामुळे मळ्यातल्या मजुरांवर संशय होता. त्याचे ज्या स्त्रीशी संबंध होते, तिच्या नातेवाइकांवर होता. त्या भागात नुकत्याच येऊन गेलेल्या भटक्या काबुल्यांच्या टोळीवरही होता. सर्वांत वाईट अवस्था स्वयंपाक्याची होती, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग सापडले होते. मालकाच्या जेवणासाठी कबुतर मारले, त्याचे हे रक्त, असे त्याचे म्हणणे होते. ऐकणाऱ्याला हसू यावे असाच तो बचाव होता, पण रासायनिक तपासणीने त्याला दुजोरा दिला. तो कसा, हे प्रश्न ५ मध्ये पाहावे.

कांगाली चरण यादीत शेवटी आला. पूर्वी चोरी केल्याबद्दल याच मालकाच्या फिर्यादीवरून तो तुरुंगात गेला होता. चौकशी केली तेव्हा खुनाच्या काही आठवडे आधीच तो सुटल्याचे कळले. तो मळ्याच्या आसपास असल्याचा पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता.

४. ठसा कुठे आणि कसा सापडला? त्यासाठी पावडर वापरली होती का?

पावडर वापरलेली नव्हती, कारण तिची गरजच पडली नाही. पेटीतल्या कागदांत फिकट निळ्या कागदाचे वेष्टन असलेले एक छापील बंगाली पंचांग होते आणि त्या वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग होते. भिंगाखाली पाहिल्यावर त्यांपैकी एका डागात उजव्या हाताच्या कोणत्या तरी बोटाच्या रेषा ओळखू येत होत्या.

येथे एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. घामाने आणि तेलकटपणाने उमटलेला ठसा डोळ्यांना सहसा दिसत नाही, तो पावडर टाकून किंवा रसायन वापरून उठवावा लागतो. रक्त, शाई, रंग किंवा ग्रीस लागलेल्या बोटाचा ठसा मात्र उघडा दिसतो आणि त्याचे सरळ छायाचित्र घेता येते. जलपायगुडीचा ठसा हा असा उघडा ठसा होता. कागद निळा नसून गडद असता किंवा बोट थोडे घसरले असते, तर हा खटला उभाच राहिला नसता.

५. ते रक्त माणसाचेच होते हे तेव्हा सिद्ध करता येत होते का?

येत नव्हते. रसायनतज्ज्ञाने पंचांगावरचे डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे असल्याचे सांगितले, आणि १८९८ साली कोणालाही याहून अधिक सांगणे शक्य नव्हते.

सूक्ष्मदर्शकाखाली सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशी गोल चकत्यांसारख्या दिसतात आणि त्यांत केंद्रक नसते. उंट आणि त्याचे सगेसोयरे तेवढे अपवाद आहेत, त्यांच्या पेशी लंबगोल असतात. पक्ष्यांच्या पेशी लंबगोल असून त्यांत केंद्रक स्पष्ट दिसते. म्हणूनच कबुतराचे रक्त वेगळे ओळखता आले आणि स्वयंपाकी वाचला. पण माणूस, कुत्रा, बैल यांचे रक्त एकमेकांपासून खात्रीने वेगळे ओळखण्याची चाचणी पाउल उलेनहूट या जर्मन संशोधकाने १९०१ साली शोधली. सशाच्या शरीरात मानवी रक्ताविरुद्ध तयार झालेला रक्तद्रव वापरून ती केली जाते. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध जाहीर केला, तेही १९०१ सालीच. व्हिक्टोरिया राणी त्याच वर्षाच्या जानेवारीत वारली, म्हणजे या दोन्ही गोष्टी तिच्या काळातल्या एकाही खटल्यात वापरता आल्या नाहीत.

महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत ज्याला आजही ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणतात, तो याच परंपरेतला आहे. बंगालात या अधिकाऱ्याला केमिकल एक्झामिनर म्हणत, तर मुंबई इलाख्यात केमिकल अॅनालायझर. ती आद्याक्षरे अजून टिकून आहेत.

६. एका अंगठ्याच्या ठशावरून हजारो कैद्यांमधून नेमका माणूस कसा सापडला?

येथे बहुतेक लेखांत गफलत झालेली दिसते. हेन्री यांच्या नावाने ओळखली जाणारी वर्गीकरण पद्धत दहा बोटांवर चालते, एका बोटावर नव्हे.

ती कशी चालते ते पाहू. दहा बोटांच्या पाच जोड्या करतात: उजवा अंगठा आणि तर्जनी, उजवे मधले बोट आणि अनामिका, उजवी करंगळी आणि डावा अंगठा, डावी तर्जनी आणि मधले बोट, डावी अनामिका आणि करंगळी. या जोड्यांना अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ गुण असतात. ज्या बोटावर चक्र (गोल फिरणाऱ्या रेषा) आहे त्यालाच गुण मिळतो, पाश (वळून त्याच बाजूला परतणाऱ्या रेषा) किंवा कमान (एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या रेषा) असेल तर शून्य. जोडीतल्या दुसऱ्या बोटांची बेरीज अंशस्थानी आणि पहिल्या बोटांची छेदस्थानी लिहून दोन्हींत एकेक मिळवतात. समजा, एखाद्याच्या फक्त उजव्या तर्जनीवर आणि डाव्या अंगठ्यावर चक्र आहे. मग अंश १६ + ४ + १ = २१, छेद ० + १ = १, आणि त्याचे कार्ड २१/१ या कप्प्यात जाते. अंश ३२ प्रकारचे आणि छेद ३२ प्रकारचे, म्हणून एकूण १,०२४ कप्पे. लहानपणी आजीने बोटांवरची शंख-चक्रे मोजून राजयोगाचे भाकीत केलेले ज्यांना आठवत असेल, त्यांना हा हिशेब परका वाटू नये. आजीचा शंख म्हणजेच येथला पाश.

आता हाती फक्त एक उजवा अंगठा असेल, तर कप्पा ठरवताच येत नाही. जलपायगुडीत हे अडले नाही, कारण चरणचे नाव संशयितांत आधीच होते आणि पूर्वीच्या शिक्षेमुळे त्याचे ठसे दप्तरी होते. डाग ताडून पाहिला आणि तो त्याच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. शेकडो मैल दूर, वीरभूम जिल्ह्यात, त्याला पकडून पुन्हा ठसे घेतले आणि खात्री करून घेतली. पूर्णपणे अनोळखी माणसाचा एकच ठसा दप्तरातून शोधून काढण्यासाठी एकेका बोटाची स्वतंत्र सूची लागते. स्कॉटलंड यार्डात अशी व्यवस्था १९३० च्या सुमारास बसली.

७. ही पद्धत हेन्री यांची नसून भारतीयांची आहे, हे खरे का?

मोठ्या प्रमाणात खरे आहे. कलकत्त्याच्या कचेरीत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन उपनिरीक्षक होते. हक यांची निवड त्यांच्या गणितामुळे झाली होती. प्रश्न ६ मधील अंश-छेदाचा हिशेब, म्हणजेच पद्धतीचा गणिती गाभा, त्यांचा होता. बोस यांनी पुढे ठशांचे वर्णन तारेने पाठवता येईल अशी सांकेतिक पद्धत तयार केली. कल्पनेला प्रशासकीय पाठबळ देणे, सरकारच्या गळी उतरवणे आणि दप्तर उभे करणे हे काम हेन्री यांचे होते, आणि ते लहान नव्हते. पण पद्धतीला नाव एकाचेच मिळाले. हाताखालच्या दोघांचे योगदान हेन्री यांनी उघडपणे मान्य केले ते बऱ्याच उशिरा. हक यांना खान बहादूर आणि बोस यांना राय बहादूर हे किताब मिळाले.

८. आपल्याकडे तर आधीपासूनच अंगठा उठवत होते. मग यात नवीन काय?

सातबारापासून कर्जरोख्यापर्यंत ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. पण सहीऐवजी अंगठा घेणे आणि अंगठ्यावरून माणूस ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या बाबतीत ठसा हा केवळ संमतीची खूण असतो, तो कोणी ताडून पाहत नाही.

या दोन्हींमधला दुवा विल्यम हर्शेल हा बंगालमधला मुलकी अधिकारी आहे. जुलै १८५८ मध्ये जंगीपूर येथे राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार करताना त्याने कचेरीच्या शिक्क्याची शाई वापरून कोनाईच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. उद्देश एवढाच होता, की पुढे ‘ही सही माझी नाही’ म्हणण्याचा धीर त्याला होऊ नये. नंतर हर्शेलला या रेषांचा नाद लागला. स्वतःचे आणि परिचितांचे ठसे अनेक वर्षांच्या अंतराने घेऊन त्या बदलत नाहीत हे त्याने पाहिले आणि १८७७ साली हुगळी येथे निवृत्तिवेतन, दस्तनोंदणी आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी ठसे सुरू केले.

गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या ठशावरून गुन्हेगार ओळखता येईल, हे छापून मांडले ते टोकियोत रुग्णालय चालवणाऱ्या हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश मिशनरी डॉक्टराने, १८८० साली. पुढे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ साली गणित मांडून दोन ठसे योगायोगाने जुळण्याची शक्यता ६,४०० कोटींत एक असल्याचे दाखवले. कोणाचा मान आधीचा, यावर हर्शेल आणि फॉल्ड्स यांच्यात वाद झाला, आणि तो कडवट होता.

९. त्या काळात पोलीस गुन्हेगारांची शरीरमापे घेत असत असे वाचले. ते काय होते?

ती पॅरिसच्या अल्फॉन्स बर्टिलॉन यांची पद्धत होती. डोक्याची लांबी-रुंदी, मधल्या बोटाची लांबी, डाव्या पायाची लांबी अशी अकरा मापे घेऊन कार्ड तयार करत. बंगालातही ती चालू होती. अडचण अशी, की दोन शिपायांनी घेतलेली मापे सारखी येत नसत आणि वाढत्या वयाच्या मुलांना ती निरुपयोगी ठरत. १८९७ साली भारत सरकारने सर्व्हेअर जनरल स्ट्रॅहन आणि रसायनशास्त्रज्ञ पेडलर यांच्याकडून दोन्ही पद्धतींची तपासणी करून घेतली. त्यांनी ठशांच्या बाजूने कौल दिला आणि त्याच वर्षी सरकारने ते मान्य केले. लंडनमध्ये हा बदल व्हायला १९०१ साल उजाडले. खुनाच्या तपासापुरते बोलायचे, तर मापांचा मूळ दोषच वेगळा आहे: गुन्हेगार जागेवर बोटाचा ठसा ठेवून जातो, डोक्याचे माप ठेवून जात नाही.

१०. ठसा जुळला, रक्तही होते, तरी कांगाली चरण खुनातून कसा सुटला?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. खटला न्यायाधीश आणि असेसर यांच्यासमोर चालला. असेसर म्हणजे न्यायाधीशाला मत देणारे स्थानिक गृहस्थ. त्यांचे मत ज्युरीच्या निवाड्यासारखे बंधनकारक नसे. चोरी निर्विवाद सिद्ध झाली आहे, पण खून करताना कोणी पाहिलेले नसल्यामुळे खुनासाठी दोषी ठरवणे धोक्याचे होईल, असे मत पडले. चरणला चोरीसाठी शिक्षा झाली, तो खुनातून सुटला आणि वरिष्ठ न्यायालयातही हा निकाल टिकला.

आजच्या वाचकाला हे हास्यास्पद वाटते. मालकाच्या रक्ताने भरलेला अंगठा फोडलेल्या पेटीतल्या कागदावर उमटतो, मग गळा दुसऱ्याने चिरला असे मानायचे का? पण पुरावा एकेक पायरीने वाचून पाहावा. ठसा सांगतो, की बोट चरणचे आहे. डाग सांगतो, की त्या वेळी बोटाला कोणत्या तरी सस्तन प्राण्याचे रक्त लागलेले होते (प्रश्न ५). पेटी सांगते, की त्याने ती उचकली. चाकू कोणाच्या हातात होता हे यांपैकी एकही गोष्ट सांगत नाही. सोबत आणखी कोणी असेल, तर चाकू त्याच्याही हातात असू शकतो. फाशीच्या खटल्यात, अगदी नव्या शास्त्रावर विसंबून, ही शेवटची पायरी ओलांडायची नाही असे त्यांनी ठरवले. मला वैयक्तिकरीत्या हा निष्कर्ष अतिसावध वाटतो, कारण परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी बरीच घट्ट होती. पण अतार्किक म्हणून तो उडवून लावता येत नाही.

११. तेव्हा ठशांना कायद्याची मान्यता होती का?

तज्ज्ञाचे मत म्हणून स्पष्ट मान्यता नव्हती. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये परदेशी कायदा, शास्त्र, कला आणि हस्ताक्षर यांविषयीची तज्ज्ञांची मते ग्राह्य होती. १८९९ साली दुरुस्ती करून त्यात बोटांच्या ठशांचा शब्दशः समावेश केला गेला. म्हणजे खटला आधी आणि दुरुस्ती नंतर. २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे, पण तज्ज्ञाच्या मताचे तत्त्व तेच आहे.

१२. ठशावरून सुटलेला जगातला हा पहिला खून म्हणायचा का?

नाही. तो मान अर्जेंटिनाकडे जातो. जून १८९२ मध्ये नेकोचिया गावात फ्रान्सिस्का रोहास हिच्या दोन मुलांचा खून झाला आणि तिने शेजाऱ्याचे नाव घेतले. इन्स्पेक्टर आल्वारेस यांना दाराच्या चौकटीवर रक्ताळलेला अंगठा दिसला. त्यांनी लाकडाचा तेवढा तुकडा करवतीने कापून नेला. हुआन वुसेटिच यांच्या पद्धतीनुसार ताडून पाहता तो रोहासचाच निघाला आणि तिने कबुली दिली. कबुलीमुळे तेथे प्रश्न १० मधली अडचण आली नाही. इंग्लंडमध्ये ठशावर खुनाची शिक्षा झाली ती १९०५ साली, स्ट्रॅटन बंधूंच्या खटल्यात. तेव्हा व्हिक्टोरियाचा काळ संपलेला होता.

१३. जुळ्या भावंडांचे ठसे सारखे असतात का? ठसे झिजतात का?

एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात, कारण या रेषा गर्भावस्थेत तयार होताना आनुवंशिकतेबरोबर गर्भाशयातील लहानसहान फरकांचाही परिणाम होतो. झिजण्याचे म्हणाल, तर चुना, सिमेंट आणि विटा हाताळणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा इतक्या गुळगुळीत होतात की रेशन दुकानातले यंत्रही त्यांना ओळखत नाही. काम थांबले की काही काळाने त्याच रेषा पुन्हा उगवतात. खोल जखमेचा व्रण मात्र कायम राहतो, आणि तो ओळखीची आणखी एक खूणच ठरतो.

१४. आज आरोपीवर ठसे देण्याची सक्ती करता येते का? हे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे का?

सक्ती करता येते. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ठसा देणे म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मधील ‘साक्षीदार होणे’ नव्हे, असे ठरवले. बोलून माहिती देणे वेगळे आणि शरीरावर आधीच असलेली खूण दाखवणे वेगळे, असा तो भेद आहे. १९२० च्या कैदी ओळख कायद्याची जागा आता २०२२ च्या अधिक व्यापक कायद्याने घेतली आहे.

१५. ठसेतज्ज्ञ चुकू शकतो का?

चुकू शकतो. २००४ साली माद्रिदमधील रेल्वे बाँबस्फोटांच्या तपासात अमेरिकेच्या एफबीआयने एक अर्धवट ठसा ओरेगन राज्यातल्या एका वकिलाचा असल्याचे ठामपणे सांगितले आणि त्याला अटक झाली. स्पॅनिश पोलिसांनी तो दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवून दिले. दोन पूर्ण ठसे सारखे नसतात हे खरे, पण जागेवर सापडतो तो बहुधा तुकडा असतो, आणि तुकडा किती जुळला म्हणजे पुरे, हे ठरवणारा माणूसच असतो.

१६. मी १८९० च्या दशकातली रहस्यकथा लिहीत आहे. कोणत्या चुका टाळाव्यात?

रक्ताचा डाग पाहून पात्राला ‘हे माणसाचे रक्त’ म्हणू देऊ नका, ‘सस्तन प्राण्याचे’ म्हणू द्या. रक्तगट तर विसराच. लंडनच्या पोलिसाच्या हाती १९०१ पूर्वी ठशांचे दप्तर देऊ नका, पण कलकत्त्याच्या पोलिसाच्या हाती १८९७ नंतर खुशाल द्या. विषप्रयोग असेल, तर सोमल (आर्सेनिक) ओळखणारी मार्श चाचणी १८३६ पासून उपलब्ध होती. जस्त आणि आम्लाच्या बाटलीत संशयित द्रव टाकतात, निघणारा वायू पेटवतात आणि ज्योतीवर थंड चिनी मातीची बशी धरतात. सोमल असेल, तर बशीवर काळपट, आरशासारखा चकाकणारा डाग धरतो. अँटिमनीमुळेही तसाच डाग येतो, पण तो ब्लीचिंगच्या द्रावणात विरघळत नाही, सोमलाचा विरघळतो. तुमच्या फिर्यादी पक्षाचा रसायनतज्ज्ञ ही दुसरी पायरी विसरला, तर बचावाच्या वकिलाला उलटतपासणीसाठी एवढे पुरे आहे.